विसरभोळं पेन

पेन हातात आल्याबरोबर नकाशेकाकांनी आधी त्याचं टोपण शोधलं. खोक्यात पाहिलं, खोक्याच्या झाकणात पाहिलं, पुठ्ठ्याच्या घडीत बोट घालून पाहिलं. टोपण नव्हतं. ज्याला टोपण नाही ते पेन कसलं, असं त्यांचं अडतीस वर्षांच्या नोकरीतून बनलेलं मत होतं आणि ते त्यांनी तिथल्या तिथे मोठ्यानं बोलून दाखवलं. घरात ऐकायला कुणी नव्हतं. तसं ते सहा वर्षांपासून नव्हतं, पण मोठ्यानं बोलायची सवय काही गेली नव्हती.

नकाशेकाका हे त्यांचं खरं नाव नव्हे. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत ते ड्राफ्ट्समन होते आणि अर्ध्या शहराच्या नळांचे नकाशे त्यांच्या हातचे होते. म्हणून इमारतीत सगळे त्यांना नकाशेकाका म्हणत. म्हणजे हाक मारायची वेळ आली तर म्हणत. ती फारशी येत नसे.

पेन पाठवलं होतं मुलीनं. मुलगी विमानानं अकरा तासांवर राहायची. दर रविवारी सकाळी दहा वाजता ती सात वर्षांच्या नातीला स्क्रीनसमोर बसवायची, आणि मग आजोबा विचारायचे, कशी आहेस. नात म्हणायची, छान. शाळा कशी चाललीय. छान. जेवलीस का. हो. एवढ्यानं साडेतीन मिनिटं जायची. उरलेल्या वेळात दोघंही एकमेकांकडे, पाहुणे निघायची वाट पाहावी तसं बघत बसायचे. शेवटी मुलीनंच तोड काढली. कॉम्प्युटरवर एकच कागद असा मिळतो की त्याच्यावर दोन गावांतून दोघांना एकदम चित्र काढता येतं. नात तिकडून काढेल, बाबा इकडून काढतील. चित्र काढताना बोलायला काही शोधावं लागत नाही. नातीकडे असं पेन होतंच. बाबांना एक पाठवलं की झालं.

नकाशेकाकांना कल्पना एवढी आवडली की त्यांनी कौतुकाचा एक शब्दही काढला नाही. 'बघू,' म्हणाले.

पेन ब्लूटूथनं लॅपटॉपला जोडायचं होतं. लॅपटॉप जावईबापूंचा जुना. मागच्या भेटीत त्यांनी त्याच्यावर लिनक्स बसवून दिलं होतं. लिनक्सचे गुण तीन. ते फुकट असतं, त्याला व्हायरस लागत नाही, आणि ते अडलं तर गावात दुरुस्तीला माणूस मिळत नाही. यांतले पहिले दोन जावईबापूंनी सांगितले होते.

पेनासोबत अठरा भाषांतलं माहितीपत्रक आलं होतं. अक्षर एवढं बारीक की नकाशे वाचायचं भिंग काढावं लागलं. बटण दाबून धरा, निळा दिवा लुकलुकेल, मग यंत्राच्या यादीत पेनाचं नाव दिसेल. धरलं, लुकलुकला, दिसलं. पत्रक पुढेही बरंच बोलत होतं, पण काम झालेलं असताना पुढचं वाचणं म्हणजे लिहिणाऱ्याचे लाड करणं, म्हणून काकांनी ते घडी करून ठेवलं. पेन स्क्रीनवर टेकवलं आणि रेघ ओढली. रेघ उमटली नाही. जोर देऊन ओढली. तरी नाही. मग लिनक्सनं एका कोपऱ्यात पेनाबद्दल तीन ओळी दाखवल्या: जोडलेलं, होय. विश्वासातलं, नाही. संपर्कात, नाही. काका बराच वेळ त्या तीन ओळी वाचत बसले. आपल्याबद्दलही कुणी इतक्या थोडक्यात आणि इतकं बरोबर लिहिलेलं त्यांना आठवेना.

साडेपाच वाजले तसा त्यांनी नाद सोडला. साडेपाचला हत्यारं आवरायची हा कचेरीचा शिरस्ता. त्यांनी पेन उघडलं, आतला सेल काढला, दोन्ही मऊ फडक्यानं पुसले आणि लाकडी पेटीत, जुन्या शाईच्या पेनांच्या शेजारी निजवले. शाईचं पेन रात्रभर भरून ठेवलं की सकाळी गच्च बसतं. कचेरीत सकाळी दहा वाजता बाकीचे पेनं झटकत बसायचे आणि काकांचं पेन पहिल्या रेघेला चालायचं, ते काही उगाच नव्हे. सकाळी पेन पुन्हा जुळवायचं आणि नकाशावर नेण्याआधी चिटोऱ्यावर एकदा चालवून बघायचं, हा त्याचाच पुढचा भाग. या पेनाला चिटोरा चालत नव्हता. म्हणून ते सेल घालून बटण दाबून धरत आणि निळा दिवा लुकलुकला की चिटोऱ्यावर रेघ आल्याचं समाधान मानत.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉपनं पेनाला ओळख दाखवली नाही. यादीत कालचं पेन होतं तसं होतं, आणि त्याच्या खाली त्याच नावाचं आणखी एक पेन येऊन बसलं होतं. काकांनी खोक्यात पुन्हा पाहिलं. पेन एकच होतं.

शेजारचे सल्लागार त्याच संध्याकाळी आले. हेही त्यांचं खरं नाव नव्हे. ते एका गोदामात हिशेबनीस होते, पण इमारतीत त्यांनी कुठल्याही विषयावर सल्ला दिला नाही असं झालं नव्हतं. त्यांनी पेन कानाजवळ धरून हलवलं. मग म्हणाले, फ्रिज बंद करा, फ्रिजच्या लहरी आड येतात. फ्रिज बंद केला. दूध नासलं. मग म्हणाले, लॅपटॉपची खोली बदला. बदलली. मग त्यांनी लिनक्स पाहिलं आणि दुखणं कळल्यावर डॉक्टरचा चेहरा होतो तसा चेहरा करून म्हणाले, हे काढून टाका. काकांनी विचारलं, आणि काय घालू? 'ते जाणत्या माणसाला विचारा,' असं म्हणून सल्लागार गेले ते परत फिरकले नाहीत.

पेनवाल्या कंपनीच्या मदतकेंद्रात फोन लावला. तिथल्या बाईंनी गोड आवाजात विचारलं, विंडोज कोणतं? काका म्हणाले, लिनक्स. त्या म्हणाल्या, ते कुठल्या कंपनीचं? कुठल्याच कंपनीचं नाही, सगळ्यांचं आहे, असं जावईबापूंनी सांगितलेलं काकांनी सांगितलं. मग बाईंनी कळवलं की सगळ्यांच्या गोष्टींसाठी कंपनी मदत देत नाही. तरीही शेवटी त्यांनी विचारलं, मी आपली आणखी काही मदत करू शकते का? काकांनी विचार केला आणि नळ, गुडघा, हवा असे तीन विषय काढले. बाई एकूण एकोणीस मिनिटं बोलल्या. नंतर सेवा कशी वाटली असं विचारणारा संदेश आला, तेव्हा काकांनी पैकीच्या पैकी गुण दिले.

इंटरनेटवर लिनक्सवाल्यांची एक चावडी आहे. तिथे काकांनी सविस्तर प्रश्न मांडला, सुरुवातीला 'सविनय' घालून. दहा मिनिटांत उत्तर आलं की हा प्रश्न पूर्वी विचारला गेला आहे, म्हणून बंद करण्यात येत आहे. पूर्वीचा प्रश्न शोधला, तर तोही आणखी पूर्वी विचारला गेल्यामुळे बंद केलेला. असं मागे मागे जात काका सहा वर्षांपूर्वीच्या एका पानावर पोचले. तिथे कुणा एका गृहस्थाचं हेच दुखणं होतं. लिनक्स तेच, पेन तेच, रोज सकाळी नवं पेन यादीत, तेही तेच. काकांना भावकी भेटल्यासारखं झालं. त्याच गृहस्थानं पाच दिवसांनी खाली लिहिलं होतं: 'सुटलं. धन्यवाद.' कसं सुटलं, ते नाही. काकांनी त्याच्या खाली नम्रपणे विचारलं, कसं? सहा वर्षं कुणी न फिरकलेल्या पानावर तो 'कसं' एकटाच पडून राहिला.

पहिला रविवार गेला. नातीनं तिकडून घर काढलं आणि आजोबा बघत बसले. साडेतीन मिनिटांऐवजी पाच मिनिटं झाली, कारण दीड मिनिट पेन का चालत नाही यावर गेलं.

मग झालं ते सेक्रेटरींचं प्रकरण. पेन शोधायला लॅपटॉपला सांगितलं की तो आजूबाजूची सगळी बिनतारी उपकरणं हुडकून यादी दाखवायचा. त्या यादीत 'हॉल' होता, 'दातांचा ब्रश' होता, 'आईचं वजन' होतं, 'डावा कान' होता. चौदा वर्षं या इमारतीत राहून काकांना कुणाच्या घरात काय आहे ते माहीत नव्हतं, ते या यादीनं बसल्या जागी सांगितलं. बोट जरा घसरलं आणि पेनाऐवजी 'हॉल' जोडला गेला. पहिल्या झटक्यात. काकांना वाटलं निदान काही तरी जोडलं गेलं, आणि त्यांनी लिनक्स शिकवणारी चित्रफीत लावली. आवाज येईना, म्हणून पूर्ण वाढवला.

तो आवाज दुसऱ्या मजल्यावर सेक्रेटरींच्या हॉलमधल्या स्पीकरमधून येत होता. तिथे कमिटीची बैठक बसली होती. टाकी साफ करण्याचा ठराव सेक्रेटरी वाचत असताना कोपऱ्यातून एक दमदार आवाज म्हणाला, घाबरू नका, सुरुवातीला अडचणी येतातच. सगळे थांबले. आवाज पुढे म्हणाला, सगळ्यात आधी जुनं सगळं काढून टाका. हा मुद्दा विरोधी गटानं उचलून धरला आणि सेक्रेटरींची नऊ वर्षांची खुर्ची त्या संध्याकाळी प्रथमच हलली.

सेक्रेटरी कुणावर ओरडणारे गृहस्थ नव्हते. ते पत्र देणारे होते. पत्रात त्यांनी लिहिलं की बिनतारी उपकरणांबाबत इमारतीचा नियम नाही, सबब नियम होईपर्यंत प्रत्येक जोडणीसाठी अर्ज करावा. अर्ज तीन प्रतींत असावा. सोबत स्थळदर्शक नकाशा जोडावा. शेवटचं वाक्य त्यांनी सवयीनं लिहिलं होतं. कुठल्याही अर्जाला नकाशा जोडावा असं ते लिहीत आणि आजवर कुणीही तो जोडला नव्हता.

पण हे पत्र ज्यांच्या हातात पडलं त्यांनी अडतीस वर्षं दुसरं काही केलंच नव्हतं. काकांनी माळ्यावरून ड्रॉइंग बोर्ड काढला. उघडा लॅपटॉप ताटासारखा दोन्ही हातांवर धरून ते जिने चढले, प्रत्येक दारासमोर थांबले आणि कुठलं उपकरण कुठे जोरात दिसतं ते टिपून घेतलं. कुणी दार उघडून काय हवंय विचारलं तर म्हणत, काही नाही, मोजतोय. चार दिवस ते जेवणाची वेळसुद्धा विसरले. नकाशा झाला शाईत, ट्रेसिंग पेपरवर, पन्नासास एक या प्रमाणात. उत्तर दिशेचा बाण होता, खुणांची सूची होती, प्रत्येक उपकरणाला ठिपका होता आणि जी उपकरणं एकमेकांशी जोडलेली ती तुटक रेषांनी सांधलेली होती. सगळी इमारत त्या तुटक रेषांनी विणल्यासारखी दिसत होती. फक्त तळमजल्यावरच्या एका घरात, काकांच्या, दोन ठिपके होते आणि मध्ये रेघ नव्हती. खरं काढायचं तर ती दाखवता येत नव्हती. तो कोपरा शाईत काढताना त्यांचा हात जरा थांबला होता, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, आणि विचारलंही नव्हतं कुणी.

या धांदलीत दुसराही रविवार गेला. त्या दिवशी मुलगी स्क्रीनवर एकटीच जास्त वेळ थांबली. आवाज खाली आणून म्हणाली, "बाबा, नाही जमत तर राहू दे ना. तुम्हाला उगाच त्रास. तिचा पोहण्याचा क्लास सुरू होतोय, त्यांच्याकडे रविवारची हीच वेळ शिल्लक आहे. पुढच्या रविवारी बघू या, नाही झालं तर क्लास घेऊन टाकते. आपण काय, मधेच केव्हा तरी बोलू."

काका म्हणाले, हो, पोहणं यायलाच हवं. मधेच केव्हा तरी म्हणजे केव्हा, हे त्यांना नोकरीच्या अनुभवावरून पक्कं ठाऊक होतं. कचेरीत ज्या फायलीवर साहेब तसं लिहीत, ती परत कुणी पाहिली नव्हती.

सेक्रेटरींनी नकाशा पाहिला आणि ते थक्क झाले. त्यांनी तो काचेआड सूचनाफलकावर लावला, इमारतीत केवढा बिनतारी गोंधळ आहे याचा पुरावा म्हणून. दोन दिवस फलकापुढे गर्दी होती. वजनकाटा कुणाच्या घरात आहे यावरून दोन घरांचं बोलणं बंद झालं.

गुरुवारी दुपारी काकांच्या दाराची बेल वाजली. दारात तिसऱ्या मजल्यावरच्या ऑपरेटरबाई उभ्या होत्या. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांनी एकतीस वर्षं ट्रंक कॉल जोडले होते, आता एकट्या राहत, आणि जिन्यात भेटल्या तर मान हलवत. बाकी ओळख नव्हती.

"तुमचा नकाशा चुकलाय," त्या म्हणाल्या.

काकांना कुणी चोर म्हटलं असतं तर एवढं लागलं नसतं. "कुठे?"

"माझ्या घरात नुसता डावा कान दाखवलाय. मला उजवाही आहे." त्यांनी उजव्या कानातलं यंत्र बोटानं दाखवलं. "त्या दिवशी याचा सेल उतरला होता म्हणून तुम्हाला सापडला नसेल. पण लोक वाचतात. त्यांना वाटेल, बाईचा एक कान कामातून गेला."

दुरुस्ती ताबडतोब करायला हवी होती. बाई आत येऊन बसल्या, काकांनी शाईचं पेन काढलं, आणि उजवा कान नोंदवून होईपर्यंत बाईंची नजर टेबलावरच्या लॅपटॉपवर गेली. यादीत एकाच नावाची चौदा पेनं होती. मधले काही दिवस काकांनी पेनाशी अबोला धरला होता, नाही तर सतरा झाली असती.

बाईंनी चष्मा लावला. सगळी हकिगत ऐकून घेतली, मधे एकदाही सल्ला न देता. मग म्हणाल्या की लाइन लागलेली आहे, पण तुमच्या यंत्रानं तिला दारात उभी केलीय, आत या म्हटलेलंच नाही. त्या चावडीवरचं कुठलंसं पान वाचून त्यांनी स्क्रीनवरच्या काळ्या खिडकीत दोन बोटांनी एक-एक अक्षर टिपत हुकूम दिला, की या पेनावर विश्वास ठेव. लिनक्सनं ठेवला. काकांनी रेघ ओढली. रेघ उमटली, वीतभर, सरळ, पट्टीशिवाय. दोघंही तिच्याकडे बघत राहिले. पाच वाजता बाई वर गेल्या. साडेपाचला काकांनी नेहमीप्रमाणे हत्यारं आवरली.

शुक्रवारी सकाळी यादीत पंधरावं पेन आलं आणि रेघ उमटेना.

वर जाऊन पुन्हा सांगायचं म्हणजे नाक मुठीत धरून जाणं. काका अकरा वाजेपर्यंत घरातल्या घरात चकरा मारत होते. शेवटी गेले. बाईंनी चपला घातल्या. त्यांनी पुन्हा जोडलं, पाच वाजेपर्यंत पेन झकास चाललं. शनिवारी त्या बोलावण्याची वाट न पाहता दहालाच आल्या, हातात वही घेऊन. सोळावं पेन आलेलं होतं. बाई भडकल्या. एकतीस वर्षांत त्यांनी लावलेली लाइन अशी रोजच्या रोज तुटली नव्हती. कोण तोडतं ते धरल्याशिवाय सोडायचं नाही असं ठरवून त्यांनी वहीत सगळं टिपलं: पेन कधी जोडलं, किती चाललं, फ्रिज चालू की बंद, लॅपटॉप किती तापला, सेक्रेटरी घरात आहेत की बाहेर. वहीत सकाळी दहापासून संध्याकाळी पाचपर्यंतची सगळी नोंद होती. पाचला त्या वर जात.

रविवारी बाई नऊलाच हजर झाल्या. सतरावं पेन जोडायला पन्नास मिनिटं लागली. दहाला दहा मिनिटं कमी असताना रेघ उमटली. बाई स्क्रीनमध्ये दिसणार नाही अशा खुर्चीत, वही मांडीवर घेऊन बसल्या.

नातीनं घर काढलं. काकांनी त्याला जिना काढला, सोळा पायऱ्या, सगळ्या सारख्या. नातीनं चौथ्या पायरीवर मांजर बसवलं. काकांनी गच्चीवर टाकी काढली आणि टाकीतून स्वयंपाकघरात नळ आणला. तिनं विचारलं, "आजोबा, टाकीत पाणी कुठून येतं?" अडतीस वर्षं काका या प्रश्नाची वाट बघत होते. घरात कुणी तो विचारला नव्हता, कचेरीत सगळ्यांना उत्तर माहीत होतं. ते नळ काढत गेले, रस्त्याखालून, चौकातून, टेकडीवरच्या मोठ्या टाकीपर्यंत, आणि तिथून नदीला. नातीनं वाटेत मासे सोडले. एका ठिकाणी नळ फुटला असं तिनं ठरवलं, तेव्हा दोघांनी मिळून तो दुरुस्त केला. शाळा कशी चाललीय हे कुणी विचारलं नाही. अकरा वाजले तेव्हा मुलगी मागे येऊन उभी होती आणि तिचे डोळे चमकत होते. पोहण्याचं शनिवारी बघते, म्हणाली.

काम संपलं. काम संपलं की हत्यार आवरायचं. काकांनी पेन उघडलं, सेल काढला आणि फडकं घेतलं.

"आजोबा, तुम्ही सेल का काढताय?" नात अजून स्क्रीनसमोरच होती.

"पुसून ठेवायला, बाळा. मी रोज ठेवतो."

"पण पेन आपलं आपण झोपतं. सेल काढायचा नसतो. मी एकदा काढला आणि घालून बटण दाबून ठेवलं, तर ते सगळं विसरलं. आई ओरडली मला."

खुर्चीत बसलेल्या बाईंनी वही मिटली.

कॉल संपल्यावर त्यांनी हात पुढे करून माहितीपत्रक मागितलं, भिंग मागितलं, आणि काकांनी जिथे वाचन सोडलं होतं तिथून पुढे वाचलं. बटण पाच सेकंद दाबून धरल्यास जुनी ओळख पुसली जाते आणि पेन नव्यानं ओळख सांगतं. "म्हणजे रोज सकाळी तुम्ही स्वतः त्याला सांगत होता, की कालचं सगळं विसर," बाई म्हणाल्या. "आणि मी सेक्रेटरींवर संशय घेतला."

काका फडक्याची घडी घालत राहिले. अपमान मोठा होता, पण तो करणारं दुसरं कुणी नव्हतं, त्यामुळे रागवायची सोय नव्हती.

"घरात आणखी एक माणूस असतं ना," बाई उठता उठता सहज म्हणाल्या, "तर पहिल्याच संध्याकाळी ओरडलं असतं."

ओरडणारं माणूस होतं तेव्हा काकांना त्याचा कंटाळा येई. दिवे बंद करा, पंखा चालू राहिला, हे काय करताय. सहा वर्षांत त्यांना कुणी हे काय करताय म्हणून विचारलं नव्हतं. त्यांना एकदम फार एकटं वाटलं, दिवसाउजेडी, अकरा वाजता. बाईंनी चपला घातल्या आणि मान हलवून त्या वर गेल्या.

काकांनी त्या संध्याकाळी चावडीवर, सहा वर्षांपूर्वीच्या पानावर, सगळं कारण आकृतीसह लिहिलं. पुढे कुणाची फसगत नको. दोन दिवसांनी त्या जुन्या गृहस्थाचं उत्तर आलं: 'माझंही अगदी हेच होतं. मीही एकटाच राहतो. लिहायची लाज वाटली.'

आता पेन रोज चालू लागलं. साडेपाचला काका ते तसंच पेटीत ठेवत, पोटात सेल असलेलं, आणि त्यांना चुकल्यासारखं होई. रविवारचा तास भरगच्च जायचा. नदीच्या पुढे आता समुद्र काढायचा होता. पण आठवड्याला बाकी सहा दिवस होते. सेक्रेटरींनी अर्ज मंजूर करून फाइल बंद केली. सल्लागार जिन्यात भेटले, त्यांनी विचारलं, पेन कसं आहे? चालतंय, काका म्हणाले. चालतंय म्हटल्यावर पुढे बोलायला काही राहत नाही. ऑपरेटरबाई दोनदा भेटल्या, त्यांनीही तेच विचारलं, काकांनी तेच सांगितलं, आणि दोघांनी माना हलवल्या. कारणाशिवाय कुणाची बेल वाजवायची काकांना आयुष्यात सवय नव्हती.

तीन आठवडे त्यांनी काढले. मग एका बुधवारी दुपारी त्यांनी पेटी उघडली, पेन बाहेर घेतलं, थोडा वेळ त्याच्याकडे पाहिलं, आणि त्याचा सेल काढून सदऱ्याच्या खिशात टाकला. तीन मजले चढताना दोनदा थांबले. तिसऱ्या मजल्यावर बेल वाजवली.

बाईंनी दार उघडलं.

"पेन पुन्हा लागेनासं झालंय," काका म्हणाले.

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांच्या हातातल्या पेनाकडे. "सेल काढलात?"

नकाशात खोटी रेघ काकांनी कधी काढली नव्हती. "काढला."

"कधी?"

"आत्ताच. इकडे निघताना."

बाईंनी दार पूर्ण उघडलं आणि कोनाड्यातला चष्मा घेतला.

"मग सावकाश जोडू," त्या म्हणाल्या. "आज घाई नाहीये काही."